आमरीचे बारसे

यंदाच्या व्याख्यानमालेत आम्ही फुलांवर बोलणार हे कळल्यावर बिलोलीतील एका स्नेह्यांनी आम्हांस रस्त्यात अडवून विचारले, "काय हो, संघटनेचे काम सोडलेत की काय?" त्यांचा प्रश्न रास्तच होता. हमाल, तोलणार, वीटभट्टीवाले आणि ऊसतोडीला जाणारी माणसे यांच्यात आमचे तीस वर्षांचे आयुष्य गेले. शाळा नववीतच सुटली, त्यामुळे वनस्पतिशास्त्राची पदवी वगैरे काही आमच्यापाशी नाही. जे वाचले ते एस. टी. स्टँडवर गाडीची वाट पाहताना आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर तारखेची वाट पाहताना वाचले. पण ज्या फुलाविषयी आम्ही बोलणार आहोत त्याच्या इतिहासात मजूर आणि मालक दोघेही आहेत. म्हणून आम्ही आमचे काम सोडले आहे असे कोणी समजू नये.

प्रथम ते झाड कोणते ते सांगतो. आपल्या भागात जुन्या आंब्यावर, मोहावर, क्वचित बाभळीवरही एक झुडूप बसलेले दिसते. पाने जाड, चिंचोळी, दोन्ही बाजूंना पसरलेली. मुळे चुनकळी लावल्यासारखी पांढुरकी आणि सालीला घट्ट धरून. उन्हाळ्यात त्याला दांडी फुटते व तीवर पिवळसर तपकिरी, चौकडीच्या कापडासारखी फुले येतात. मधली ओठासारखी पाकळी निळसर जांभळी. वास गोड आणि मंद. वैदूंपैकी काही तिला रास्ना म्हणतात, पण रास्ना हे नाव वैद्यकात आणखी दोन-तीन वनस्पतींनाही दिलेले आहे. गावातली माणसे मात्र बांडगूळ म्हणून मोकळी होतात.

हे मात्र अन्यायाचे आहे. बांडगूळ झाडात मुळे खुपसून त्याचा रस पिते. ही वनस्पती तसे काही करीत नाही. तिची मुळे सालीवर नुसती टेकलेली असतात, पावसाचे आणि दवाचे पाणी ती स्पंजासारखी टिपून घेतात, आणि अन्न पानेच तयार करतात. दुसऱ्याच्या श्रमावर जगणे निराळे आणि दुसऱ्याच्या ओसरीवर राहून स्वतःचे स्वतः कमावणे निराळे. मराठीत या साऱ्या कुळाला आमर किंवा आमरी असे नाव आहे. इंग्रजीतले ऑर्किड ते हेच. आपल्याकडची ही जी जात, तिचे शास्त्रीय नाव व्हँडा टेसेलाटा.

या नावाचीच गोष्ट आधी ऐकावी. कलकत्त्याच्या वरिष्ठ न्यायालयात सर विल्यम जोन्स नावाचे न्यायाधीश होते. १७८४ साली त्यांनी तेथे एशियाटिक सोसायटी स्थापन केली. संस्कृत शिकता शिकता त्यांनी येथल्या वनस्पतींवर टिपणे लिहिली आणि या फुलाला पंडितांकडून ऐकलेले संस्कृत नावच ठेवले : वन्दा. संस्कृतात झाडावर बसणाऱ्या कोणत्याही वनस्पतीला वन्दा म्हणत. मग ती रस पिणारी असो वा नसो. पुढे १८२० साली लंडनच्या रॉबर्ट ब्राउन यांनी या शब्दावरून वनस्पतींचा एक स्वतंत्र वंशच मांडला. त्याआधी विल्यम रॉक्सबर्ग यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींच्या ग्रंथात या फुलाला त्याच्या चौकड्यांवरून 'टेसेलाटम' म्हटले होते. दोन्ही नावे जुळून आजचे नाव झाले. हैदराबादच्या एका रोपवाटिकेत आम्ही हे झाड मागितले तेव्हा तेथल्या मनुष्याने मोठ्या अभिमानाने सांगितले की व्हँडा हे परदेशी नाव आहे. आम्ही काही बोललो नाही. घरचे पोर शहरात जाऊन टोपी घालून परत आले, तर शेजारी त्याला पाहुणा समजतात, तसेच हे झाले.

रॉक्सबर्ग यांच्या ग्रंथातील चित्रे हिंदी चित्रकारांनी काढलेली आहेत. ती आजही तज्ज्ञ वाखाणतात. पण ती काढणाऱ्या बहुतेक हातांची नावे उरलेली नाहीत. रॉक्सबर्ग यांचे नाव उरले, फुलाचे उरले, कंपनीचे तर उरलेच. या गोष्टीला त्याआधीचा एक चांगला अपवाद आहे आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नाही. कोचीनला डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याने 'होर्टुस मलबारिकुस' नावाचा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध केला. झाडांवर वाढणाऱ्या आमरींची चित्रे त्यात बाराव्या खंडात येतात. या कामात इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण होते. त्यांची साक्षपत्रे त्यांच्या त्यांच्या लिपीत ग्रंथाच्या आरंभी छापली आहेत. या तिघांचे पत्र १६७५ सालचे, कोकणी भाषेत आणि नागरी अक्षरांत आहे. ज्याने माहिती दिली त्याची सही घ्यावी ही साधी रीत त्या डच माणसाला सुचली. पुढच्या शतकातल्या पुष्कळांना ती सुचली नाही.

आता संकराकडे येऊ. पिढ्यान्‌पिढ्या युरोपातील धनिक लोक उष्ण देशांतून आमरी नेत असत. त्यासाठी जंगले कशी ओरबाडली जात याचा एकच दाखला देतो. अल्बर्ट मिलिकन नावाच्या एका संग्राहकाने १८९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात नमूद केले आहे की कोलंबियात दोन महिन्यांत दहा हजार रोपे मिळाली, आणि त्यासाठी सुमारे चार हजार झाडे तोडावी लागली. आमरी हाताला येत नव्हती, म्हणून झाडच आडवे केले. कुऱ्हाड कोणाच्या हातात होती आणि त्याला रोज काय मिळे, याचा हिशेब कोणी मांडलेला आम्हांस तरी आढळला नाही.

इतका खर्च आणि नासाडी करून आणलेली फुले घरीच एकमेकांशी जुळवता आली तर? इंग्लंडात एक्झेटर गावी व्हीच नावाच्या घराण्याची मोठी रोपवाटिका होती. तेथे जॉन डॉमिनी नावाचा माळी नोकरीस होता. गावातील जॉन हॅरिस या शस्त्रवैद्याने त्याला आमरीच्या फुलाची रचना समजावून दिली. इतर फुलांत पराग पिठासारखा मोकळा असतो. आमरीत तो मेणाच्या गोळ्यासारखा एकत्र असतो, आणि फुलाच्या मधल्या दांडीच्या टोकाला एका टोपीखाली बसलेला असतो. काडीने तो गोळा उचलायचा आणि दुसऱ्या फुलाच्या त्याच दांडीवरील चिकट खळग्यात ठेवायचा. एवढेच. डॉमिनीने हे केले, आणि १८५६ च्या ऑक्टोबरात कॅलँथी या वंशातील दोन जातींपासून झालेले त्याचे रोप फुलले. माणसाच्या हाताने झालेली ही जगातली पहिली संकरित आमरी समजतात. आईबापांपैकी एक जात आपल्या दक्षिण भारतातील डोंगरांतही वाढते. जॉन लिंडली हे त्या काळचे आमरींचे सर्वात मोठे पंडित. आता वनस्पतिशास्त्रज्ञांना वेड लागायची वेळ येणार, अशा अर्थाचे काही ते फूल पाहून ते म्हणाले असे सांगतात. मात्र त्यांनीच त्या संकराला माळ्याचे नाव दिले : कॅलँथी डॉमिनी. नोकराच्या हाताने झालेल्या वस्तूला मालकाचे नव्हे, नोकराचेच नाव मिळाले. असे वरचेवर घडत नाही, म्हणून आम्ही ते लक्षात ठेवले आहे.

काडीने पराग ठेवणे सोपे. खरे कठीण काम पुढे असते. शेंग धरते, महिनोन्‌महिने पिकते, आणि तिच्यात लाखांनी बी असते. बी कसले, धूळच. गव्हाच्या वा ज्वारीच्या दाण्यात कोंबासाठी शिदोरी बांधलेली असते. या बियांत काहीच नसते. म्हणून शेकडो शेंगा वाया जात. १८९९ साली नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाला उलगडा झाला की एक विशिष्ट बुरशी बियांत शिरून त्यांना अन्न पुरवते तेव्हाच ती रुजतात. १९२२ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या लुईस नडसन यांनी दाखवले की काचेच्या बाटलीत साखर व क्षार घातलेल्या लगद्यावर बी पेरले तर बुरशीवाचूनही भागते. त्या दिवसापासून हा छंद राजवाड्यांतून उतरून साध्या घरांच्या खिडक्यांत आला. साखर स्वस्त, बाटली स्वस्त, फक्त हात स्वच्छ आणि धीर मोठा हवा. कारण बी पेरल्यापासून फूल दिसेपर्यंत काही वर्षे जातात.

पोरे वाढली की नावांचा गोंधळ होतो. एकाच संकराला लंडनमध्ये एक नाव, पॅरिसमध्ये दुसरे. फ्रेडरिक सँडर हा जर्मनीत जन्मलेला आणि इंग्लंडात सेंट ऑल्बन्स येथे स्थायिक झालेला आमरींचा बडा व्यापारी. जगभर त्याचे संग्राहक हिंडत असत. गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने संकरांची यादी छापण्यास आरंभ केला आणि त्याच्या घराण्याने ती १९६० पर्यंत चालवली. १ जानेवारी १९६१ पासून ती वही लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे आहे. जगात कोठेही, कोणीही, घराच्या गच्चीवर का होईना, नवा संकर केला आणि त्याला फूल आले, तर अर्ज भरून थोडी फी देऊन नाव नोंदवता येते. अशी लाखावर नावे आज त्या नोंदीत आहेत. आईबापांची नावे द्यावी लागतात. एकाच आईबापांच्या साऱ्या संततीला एकच नाव, मग रंग निराळे असोत. आई कोणती आणि बाप कोणता याची अदलाबदल केली तरी नाव तेच. लॅटिन नाव आता चालत नाही. तीन-चार वंशांचा संकर असेल तर एखाद्या माणसाच्या नावाला 'आरा' हा शेवट जोडून नवा वंश बनवतात. बायकोचे, लेकीचे, आजीचे नाव देणारे पुष्कळ. सिंगापूरच्या वनस्पतिउद्यानात तर परदेशी पाहुणे आले की त्यांच्या नावाची आमरी त्यांच्यापुढे ठेवण्याचा रिवाज आहे.

या अर्जाच्या नियमांत एक कलम आहे, तेथे आमची नजर अडली. करार वाचताना शेवटची बारीक अक्षरे आधी वाचावीत ही आमची जुनी सवय. संकराचा कर्ता कोण? तर पराग ठेवला त्या वेळी शेंग धरणारे झाड ज्याच्या मालकीचे होते तो. काडी कोणाच्या हातात होती, बाटल्या कोणी धुतल्या, पाणी कोणी घातले, हे नियम विचारीत नाही. कुंडीचा मालक तो कर्ता. डॉमिनी या नियमाखाली जन्मला असता तर एक्झेटरच्या मालकाचेच नाव त्या रकान्यात लिहिले गेले असते.

आणि नाव मिळाले तरी श्रेय मिळेलच असे नाही. सिंगापूरला अ‍ॅग्नेस जोआकिम नावाची आर्मेनियन घराण्यातील एक बाई होती. १८९३ साली तिने आपल्या बागेतील एक नवी आमरी तेथील उद्यानाचे प्रमुख हेन्री रिडली यांना दाखवली. रिडलींनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि फुलाला व्हँडा मिस जोआकिम असे नाव दिले. १८९९ मध्ये ती वारली. १९८१ साली ते फूल सिंगापूरचे राष्ट्रीय फूल ठरले. तरी अनेक वर्षे वाद चालू राहिला की हा संकर तिने केला की माशीने. तिला तो बागेत आयता सापडला असावा असे लिहिणारेही होते. रिडलींनी मात्र पहिल्याच टिपणात तिला श्रेय दिले होते. शेवटी २०१६ साली तेथील सरकारी संस्थांनी तीच कर्ती असे मान्य केले. एकशे तेवीस वर्षे! आमच्या संघटनेतले थकबाकीचे दावे यापेक्षा बरे चालतात म्हणायचे.

याच रिडली यांनी मलायातील जमीनदारांच्या मागे लागून रबराची लागवड करविली. त्यांचे ऐकून १८९६ साली मलाक्का येथे पहिली व्यापारी लागवड ज्याने केली तो तान चाय यान. त्या रबराच्या मळ्यांत आपल्याकडून, मुख्यतः तमिळ प्रदेशातून, किती मजूर गेले ते सांगायला नको. त्याचा मुलगा तान हून सियांग आमरींचा छंदी निघाला. त्याने एक संकर केला व त्याला बापाचे नाव दिले. १९५४ साली लंडनच्या चेल्सी प्रदर्शनात त्या फुलाला पहिल्या प्रतीचे प्रमाणपत्र मिळाले. पुढे याच व्हँडा तान चाय यानचा संकर एका दुसऱ्या जातीशी झाला. त्या संततीचे नाव व्हँडा मिमी पामर. तिच्या सुवासामुळे ती फार नावाजली. तो सुवास जिच्यामुळे आला ती दुसरी जात कोणती? व्हँडा टेसेलाटा. आपल्या आंब्यावरचे बांडगूळ ते हेच!

येथे श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल की हे सारे समुद्रापलीकडचे झाले. तर आपल्या मुलखातली गोष्ट घ्या. ती आमरीची नाही, भाताची आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात एक गाव आहे, त्याचेही नाव नांदेड. तेथे दादाजी रामाजी खोब्रागडे हे दीड एकराचे, तिसरीपर्यंत शिकलेले शेतकरी राहत. १९८३ साली त्यांना आपल्या शेतात भाताच्या तीन लोंब्या निराळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, आणि वर्षानुवर्षे निवडून बारीक दाण्याचा एक सुंदर वाण तयार केला. हा संकर नव्हे, निवड होय. पण डोळा तोच लागतो आणि धीरही तोच. १९९० च्या सुमारास हा तांदूळ तळोधीच्या बाजारात गेला. त्याला नाव नव्हते. व्यापाऱ्यांनी त्या वेळी ज्याच्या-त्याच्या मनगटावर असलेल्या घड्याळावरून त्याला एचएमटी म्हटले. पुढे कृषी विद्यापीठाने हे बी नेले आणि १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी या नावाने वाण प्रसृत केला. मूळ बी मिसळीचे होते, आम्ही ते शुद्ध केले, असे विद्यापीठाचे म्हणणे होते. असेल. पण त्या नावात दादाजी कोठे आहेत? २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, २०१८ च्या जूनमध्ये ते वारले. एचएमटी तांदूळ शिजत नाही असे गाव महाराष्ट्रात विरळा. तो तांदूळ कोणी केला हे सांगणारा त्याहून विरळा. त्यांच्या दुसऱ्या वाणांची नावे मात्र पाहण्यासारखी आहेत : नांदेड ९२, नांदेड चिन्नोर, आणि डीआरके. पहिला धडा मिळाल्यावर त्यांनी पुढच्या वाणांवर आपले गाव आणि आपली आद्याक्षरे लिहून टाकली.

आपल्या नांदेडचे नावही एका संकरावर आहे. येथल्या कापूस संशोधन केंद्रात झालेला एनएचएच ४४ हा संकरित कापूस मराठवाड्यातल्या पुष्कळ शेतकऱ्यांनी लावलेला आहे. कापसाचे संकरित बी कसे होते ते शहरात फारसे कोणास ठाऊक नसते. १९७० मध्ये सुरतेला डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला, तेव्हापासून पद्धत जवळपास तीच. दुपारनंतर आईच्या ओळीतली उद्या उमलणारी कळी पाहायची, नखाने तिचे पुंकेसर अलगद सोलून काढायचे, खूण करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी बापाच्या ओळीतले फूल आणून त्यावर घासायचे. डॉमिनीने काडीने केले तेच हे काम, पण दिवसाला शेकडो फुलांवर. सीमेपलीकडे तेलंगणात बियाण्याच्या प्लॉटवर आपल्या तालुक्यातल्या बाया-पोरी या 'क्रॉसिंग'ला जात आल्या आहेत. आमच्या संघटनेतील एक बाई लहानपणी तीन हंगाम गेल्या होत्या. एका हंगामाची अर्धी मजुरी त्यांना कधीच मिळाली नाही. बी 'फेल' गेले असे मुकादमाने सांगितले. कोणते बी, कोणत्या नावाने विकले, हे त्यांना आजही ठाऊक नाही.

या बाईंमुळेच आमची आमरी जगली. एका रस्त्याच्या रुंदीकरणात जुने आंबे पडले तेव्हा फांदीसकट एक झुडूप आम्ही उचलून आणले आणि बिलोलीतील संघटनेच्या खोलीपुढच्या निंबाला सुतळीने बांधले. आम्ही मोर्चे, तारखा आणि तालुके करीत हिंडत असू. पाणी त्या घालीत. दोन उन्हाळ्यांनी फूल आले. हैदराबादहून आणलेल्या जांभळ्या व्हँडालाही त्याच सुमारास फूल होते. पुस्तकात वाचलेले आम्ही त्यांना समजावले, आणि काडीने पराग उचलू लागलो. आमचा हात जाड, दोन फुले मोडली. तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, सरका बाजूला." त्यांनी नखाने टोपी काढली, गोळा उचलला आणि खळग्यात ठेवला. आठवड्याभरात दांडी फुगू लागली.

मग कमिटीच्या बैठकीत नावाचा विषय निघाला. शेंग अजून बोटाएवढीही नव्हती, पण आपल्या लोकांना बारशाची घाई फार. कोणी एका दिवंगत पुढाऱ्याचे नाव सुचवले, कोणी मांजरा नदीचे, कोणी म्हणाले 'हमाल'च ठेवा. आम्ही नियमांचा कागद वाचून दाखवला : कर्ता म्हणजे झाडाचा मालक. मालक कोण? झाड तोडलेल्या आंब्यावरचे, निंब नगरपालिकेचा, सुतळी संघटनेची. एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "आणि हात कोणाचा?" बाई मागे चहाचे कप विसळीत होत्या. त्यांना बोलावले. त्या म्हणाल्या, "नाव माझं नको. पण क्रॉसिंग मी केलं असं वहीत लिवा." तसा ठराव एकमताने झाला आणि त्यांनी स्वतः त्यावर सही केली. सही करायला त्या प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकल्या होत्या.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. शेंग सहा-सात महिने धरून होती. पिकायच्या आधी ती कापून प्रयोगशाळेत बाटलीत पेरायला द्यावी लागते. आम्ही तारीख ठरवली, आणि नेमके त्याच आठवड्यात औरंगाबादच्या सुनावणीस जावे लागले. परत आलो तेव्हा शेंग तडकलेली होती. खालच्या पायरीवर, खिडकीच्या गजांवर, हमालांच्या उलट्या ठेवलेल्या पाट्यांवर फिकट पिवळी धूळ बसली होती. फुंकर मारली तर उडेल अशी. बाईंनी झाडू घेतला नाही, आम्हीही घेऊ दिला नाही. वाऱ्यानेच ती नेली.

ठराव प्रोसिडिंग बुकात आहे, नावाचा रकाना कोरा आहे. या चैत्रात निंबावर पुन्हा दांडी फुटली, तिला नऊ कळ्या होत्या. बाईंनी दोन फुलांवर क्रॉसिंग केले आहे, आणि या खेपेला शेंग कापण्याची तारीख त्यांनी आपल्याच दारावर खडूने लिहून ठेवली आहे.